एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये नाव आलं. मग तो खेळाडू चार वर्षं जातो कुठे?

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सगळ्यात वरची लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या क्लबांनी पाळीपाळीनं तरुण खेळाडू निवडून घेण्याचा वार्षिक कार्यक्रम. प्रश्न असा होता: एखादा पोरगा अठराव्या वर्षी एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत निवडला जातो, क्लबची जर्सी चढवून फोटो निघतो, आणि पुढची चार वर्षं त्याचं नावही ऐकू येत नाही. या काळात तो काय करतो, त्याला पैसे कोण देतं, आणि जमणार की नाही हे कधी कळतं?

आधी थोडक्यात. ड्राफ्ट म्हणजे नोकरी नव्हे. ड्राफ्टमुळे त्या क्लबला एकच गोष्ट मिळते: लीगमधले बाकीचे ३१ क्लब या खेळाडूशी करार करू शकत नाहीत. खेळाडूला त्या दिवशी एक डॉलरही मिळत नाही. आइस हॉकीतली बहुतेक करिअर ठरतात ती २१ ते २४ या वयात, दुय्यम लीगमध्ये. तिथे खेळाइतकंच वजन मोजणीला असतं: करार कोणत्या वयात केला, वरच्या संघात किती सामने झाले, किती दिवस काढले. खेळाडूनं आणि त्याच्या घरच्यांनी ही मोजणी समजून घेतलीच पाहिजे, कारण क्लबच्या कार्यालयात ती रोज चाललेली असते.

ड्राफ्टच्या ७ फेऱ्या, ३२ क्लब, म्हणजे २२४ नावं. वयाची अट दिवसावर मोजतात. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण हवीत. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी २०१५चा ड्राफ्ट हुकला. मधलं वर्ष तो ज्युनियरमध्ये, म्हणजे मुलांच्या लीगमध्ये, रेंगाळला नाही, झुरिकला जाऊन मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळला आणि २०१६मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. उशिरा निवडलेल्यांची उदाहरणंही नेहमी दिली जातात. पावेल दात्सुक १९९८मध्ये १७१वा, हेन्रिक झेटरबर्ग १९९९मध्ये २१०वा, गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट २०००मध्ये २०५वा. आर्तेमी पानारिनला तर कुणी निवडलंच नव्हतं. २०१५मध्ये त्यानं शिकागोशी थेट करार केला आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार घेतला. या नावांकडे बघून धीर धरावा हे खरं, पण धीर कशाच्या जोरावर? हे चौघेही अमेरिकेत येण्याआधी काही वर्षं आपापल्या देशाच्या वरच्या लीगमध्ये प्रौढ खेळाडूंविरुद्ध भरपूर मिनिटं खेळले होते. लुंडक्विस्ट स्वीडनमध्ये २००५पर्यंत राहिला. म्हणून वीस-बावीसच्या वयात रोज बर्फावर किती मिनिटं मिळतात, हा प्रश्न ड्राफ्टच्या क्रमांकापेक्षा मोठा आहे.

आता ही मिनिटं कुठे मिळतात ते बघू. तीन वाटा आहेत.

पहिली कॅनडातली मेजर ज्युनियर, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तीन लीग. साधारण १६ ते २० वयाची मुलं, हंगामात पासष्टच्या आगेमागे सामने, व्यावसायिक हॉकीसारखंच बसमधलं आयुष्य. इथली अडचण नियमात आहे. या लीगमधून निवडलेला १८-१९ वर्षांचा खेळाडू वर्षानुवर्षं एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये, पाठवता येत नव्हता. एक तर एनएचएल, नाही तर परत ज्युनियर. ज्युनियरमध्ये सहज गोल करणारा आणि एनएचएलसाठी अंगानं कच्चा असलेला १९ वर्षांचा पोरगा यात नेमका अडकतो. सोप्या विरोधकांपुढे त्याला आळशी सवयी लागतात: पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, हातची गेली की मागे न धावणं, मोकळ्या बर्फावर रेंगाळणं. १६ सप्टेंबर २०२६पासून लागू होणाऱ्या, लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या सामूहिक करारात प्रत्येक क्लबला असा एक १९ वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये ठेवण्याची मुभा आली आहे.

दुसरी वाट अमेरिकी कॉलेजची. सामने निम्मे, बहुतेक शुक्रवार-शनिवारी, मधले दिवस जिम आणि सराव. विरोधक २३-२४ वर्षांचे असू शकतात. ज्याचं अंग भरायचं बाकी आहे, त्याला ही वाट मानवते. पूर्वी मेजर ज्युनियरमध्ये एकदा खेळलं की कॉलेजचं दार बंद व्हायचं. १ ऑगस्ट २०२५पासून ते उघडलं, आणि तरुण खेळाडू गॅव्हिन मॅकेना मेडिसिन हॅट हा ज्युनियर संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला तो याच बदलामुळे. सोळाव्या वर्षी कायमचा निर्णय घ्यायचं ओझं त्यामुळे घरच्यांच्या डोक्यावरून उतरलं, ही फार चांगली गोष्ट झाली.

तिसरी युरोपची. स्वीडन किंवा फिनलंडमधला १८ वर्षांचा मुलगा वरच्या लीगच्या संघात दिसतो तेव्हा कौतुक होतं, पण तो चौथ्या ओळीत (ओळ म्हणजे एकत्र उतरणारे तीन आक्रमक, चौथी सगळ्यात खालची) ६ मिनिटं खेळत असेल तर वर्ष वाया जातंय. त्यापेक्षा दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडे उसना जाऊन १८ मिनिटं आणि पॉवर प्ले (समोरचा एक जण पेनल्टीमुळे बाहेर असतानाचा खेळ) मिळवणं केव्हाही चांगलं. क्लबचं मोठं नाव सोडायला खेळाडू तयार नसतो, आणि चूक होते ती इथेच.

पहिला करार

या कराराला एंट्री-लेव्हल म्हणतात आणि त्यात घासाघीस करायला जागा कमी. १८ ते २१ वयात सही केली तर ३ वर्षांचा, २२-२३मध्ये २ वर्षांचा, २४मध्ये १ वर्षाचा. पगाराला कमाल मर्यादा असते. २०२४ आणि २०२५च्या ड्राफ्टसाठी ती वर्षाला ९ लाख ७५ हजार डॉलर आहे. सहीची रक्कम त्या वर्षाच्या पगाराच्या १० टक्क्यांपर्यंतच. करार बहुधा 'टू-वे' असतो, म्हणजे वर, एनएचएलमध्ये, असताना एक पगार, खाली, एएचएलमध्ये, असताना त्याच्या कितीतरी कमी दुसरा.

इथली पहिली महत्त्वाची मोजणी १०व्या सामन्याची. सही करताना खेळाडू १८ किंवा १९चा असेल आणि त्या हंगामात एनएचएलचे १० सामने झाले नाहीत, तर कराराचं ते वर्ष जळत नाही, पूर्ण करार एक वर्ष पुढे सरकतो. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये एखादा १८ वर्षांचा पोरगा बरा खेळत असताना नवव्या सामन्यानंतर अचानक ज्युनियरला परत जातो, तेव्हा तो वाईट खेळला असं समजू नका. क्लबनं एक स्वस्त वर्ष राखून ठेवलेलं असतं. दुसरी मोजणी ४० सामन्यांची. एका हंगामात ४० सामने (गोलरक्षकाला ३०) वरच्या संघाच्या यादीत राहिलं की ते वर्ष मुक्त होण्याच्या हिशोबात धरलं जातं. अशी ७ वर्षं भरली किंवा वय २७ झालं की करार संपताच खेळाडू कुठल्याही क्लबशी बोलू शकतो. म्हणजे १८व्या वर्षी कायम झालेला खेळाडू पंचविशीत मोकळा होतो, आणि खरा पैसा त्या एका करारात असतो. २०२५-२६ची क्लबमागे पगारमर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर, पुढच्या हंगामाची १० कोटी ४० लाख. मर्यादा चढती असताना मोकळं होणं आणि गोठलेली असताना मोकळं होणं यात एकाच दर्जाच्या खेळाडूला कित्येक लाखांचा फरक पडतो.

एएचएल: खरी परीक्षा

७२ सामने, बहुतेक शनिवार-रविवारच्या आसपास कोंबलेले. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवसांत तीन सामनेही इथे होतात, मध्ये रात्रीचा बसप्रवास. तिसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये पाय चालतात का, हे प्रशिक्षक बघत असतात. त्या खालची पायरी ईसीएचएल. तिथे पगार आठवड्यावर आणि राहायची सोय क्लबची. पहिल्या वर्षी एएचएलमध्ये बाकावर बसण्यापेक्षा महिनाभर तिथे जाऊन २० मिनिटं खेळणं, विशेषतः गोलरक्षकासाठी, अजिबात कमीपणाचं नाही.

एएचएलचा एक नियम बाहेर फारसा माहीत नसतो. सामन्यात उतरणाऱ्या १८ स्केटरांपैकी, म्हणजे गोलरक्षक सोडून बाकीच्यांपैकी, किमान १३ जण 'घडणीतले' असावे लागतात. त्यातल्या १२ जणांचे हंगामाच्या सुरुवातीला २६०पेक्षा जास्त व्यावसायिक सामने झालेले नसावेत, तेराव्याचे ३२०पर्यंत चालतात. म्हणजे २६०चा आकडा ओलांडला की खेळाडू एकदम मोजक्या सहा जागांच्या स्पर्धेत जातो, आणि ३२० ओलांडले की पाचच्या. चौथ्या-पाचव्या हंगामात चांगले खेळाडू अचानक युरोपला जाताना दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हा आकडा असतो.

वर बोलावणं कुणाला येतं? ज्युनियरमध्ये ५० गोल करणाऱ्याला वाटतं आपल्या गोलांमुळे येईल. पण वरच्या संघात पहिल्या दोन ओळी भरलेल्या असतात. जखमी होतो तो तिसऱ्या-चौथ्या ओळीतला, आणि जागा तीच उघडते. तिथे ८-१० मिनिटं मिळतात, एकेक शिफ्ट, म्हणजे एका दमात बर्फावर राहण्याची पाळी, ४० ते ४५ सेकंदांची. त्यात तुमची पारख होते ती साधारण एका प्रसंगावर. आपला बचावपटू गोलमागून पक बोर्डाच्या कडेनं फिरवतो, तुम्ही विंगर म्हणून कडेला उभे, आणि समोरचा बचावपटू निळी रेषा (आपल्या बचावाच्या भागाची हद्द) सोडून तुमच्या अंगावर येतोय. कच्चा खेळाडू काय करतो? सरकत-सरकत पक घ्यायला जातो, पाठ मैदानाकडे, नजर खाली. धडक बसते, पक सुटतो, आपल्याच भागात अजून ३० सेकंद अडकायला होतं. पक्का खेळाडू आधी पूर्ण थांबतो, पार्श्वभाग बोर्डाला टेकवतो, पक येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघतो, बोर्डाजवळच्या पायाच्या स्केटनं पक अडवतो, आणि वेळ नसेल तर काचेवर आपटून रेषेबाहेर काढतो. दिसायला यात काहीच नाही. पण हे दहापैकी नऊ वेळा करणारा राहतो, सहा वेळा करणारा मंगळवारी परत जातो. सरावानंतर रोज दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा, कुणाला तरी अंगावर यायला सांगून, हे घोटलं पाहिजे. बचावपटूसाठी याच तोलाचं काम म्हणजे मागे धावत जाऊन पक उचलणं आणि पहिला पास. वळण्याआधी दोनदा खांद्यावरून बघितलं नाही की तोही तसाच चिरडला जातो.

बोलावणं बहुधा ऐन वेळी येतं: रात्री फोन, सकाळी विमान, दुपारपर्यंत दुसऱ्या शहरात. इथे एक बारीक गोष्ट सांभाळा. वरच्या क्लबचा साहित्य व्यवस्थापक तुमची पाती वेगळ्या यंत्रावर धार लावणार असतो. पात्याच्या तळाला आडवी खोलगट खाच असते आणि तिची त्रिज्या इंचाच्या अंशात मोजतात. अर्धा इंच ही सर्वसाधारण, पाच अष्टमांश जरा उथळ, तीन अष्टमांश खोल. खाच खोल तेवढी कड बर्फात जास्त चावते, वळणं घट्ट होतात, पण सरकणं जड आणि मांडीच्या आतल्या स्नायूंवर ताण. पाच अष्टमांशची सवय असलेल्याला चुकून अर्ध्या इंचाची धार मिळाली तर पहिल्याच थांबण्यात पाय अडकल्यासारखा वाटतो. त्यामुळे खाचेचा आकडा, पात्याच्या लांबीची गोलाई, काठीचा लवचीकपणा आणि वक्र हे सगळं एका कागदावर लिहून बॅगेत ठेवायचं आणि पोचल्यावर सगळ्यात आधी तो कागद त्या माणसाच्या हातात द्यायचा. सोबत धार लावलेल्या पात्यांचे दोन जास्तीचे जोड. दोन्ही कडा एका पातळीत आहेत का, हे पात्यावर नाणं आडवं ठेवून स्वतः बघायचं. नाणं एका बाजूला कललं तर परत धार.

वेव्हर्स, आणि दिवसाचा पगार

खेळाडूला खाली पाठवायचं तर सुरुवातीची काही वर्षं क्लब मोकळेपणानं पाठवू शकतो. ही सूट सही केल्याच्या वयावर ठरते. १८व्या वर्षी सही केलेल्या स्केटरला ५ वर्षं किंवा १६० सामने, जे आधी संपेल ते. २०व्या वर्षी केली तर ३ वर्षं किंवा १६०. २५ किंवा जास्त वयात केली तर एकच वर्ष. सूट संपली की आधी 'वेव्हर्स'वर नाव टाकावं लागतं. पुढचे २४ तास कुठलाही क्लब त्याला आहे त्या करारासकट उचलू शकतो, आणि दोन-तीन क्लबांनी मागितला तर गुणतक्त्यात खाली असलेल्याला प्राधान्य. निकाल पूर्व किनाऱ्याच्या वेळेनं दुपारी २ वाजता लागतो. कुणी उचललं नाही तर खाली. त्यानंतर वर येऊन १० सामने किंवा ३० दिवस झाले की पुन्हा हीच पायरी.

खेळाडूंना वेव्हर्सची भीती वाटते, ते स्वाभाविक आहे, पण सूट संपणं ही त्यांच्या हातातली ताकदही असते. सूट असलेला खेळाडू बरा खेळला तरी खाली जातो, कारण त्याला पाठवायला धोका नाही. सूट संपलेला तेवढ्याच दर्जाचा असेल तर क्लब त्याला ठेवून घेतो, कारण गमावण्याची भीती असते. २३व्या वर्षी अचानक 'कायम' झालेले कितीतरी खेळाडू एका उन्हाळ्यात एवढे सुधारलेले नसतात, नियम फिरलेला असतो. म्हणून सूट संपण्याच्या आधीचा उन्हाळा सगळ्यात कसून वापरायचा. त्या सप्टेंबरच्या हंगामपूर्व शिबिरात जागा खरोखर रिकामी होऊ शकते.

पगार दिवसावर मोजतात. २०२५-२६चा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर आणि नियमित हंगाम १९२ दिवसांचा. म्हणजे वरच्या यादीत असलेल्या प्रत्येक दिवसाचे सुमारे ४,००० डॉलर. समजा, टू-वे करारातला खालचा पगार ८५ हजार आहे. मग खाली घालवलेल्या दिवसाचे साडेचारशेसुद्धा नाहीत. दहा दिवस वर राहिलं की खालच्या अर्ध्या हंगामाएवढे पैसे. २०२६-२७पासून किमान पगार साडेआठ लाख. हातात येणारं मात्र वेगळंच असतं. लीगच्या हॉकी-उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा. हिशोब त्यापुढे जाऊ नये म्हणून प्रत्येक चेकमधून काही भाग राखून ठेवतात आणि तो पूर्ण परत येईलच असं नाही. मग एजंटचे बहुधा ३ ते ५ टक्के, मग कर. फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी, नेवाडात राज्याचा प्राप्तिकर नाही. क्युबेक किंवा ऑन्टॅरिओत वरचा दर केंद्राचा कर धरून पन्नास टक्क्यांच्या वर जातो. शिवाय ज्या राज्यात सामना खेळलात तिथेही त्या दिवसांचा कर. आणि चेक फक्त हंगामात येतात, उन्हाळ्याचे महिने कोरडे. पहिल्या वर्षी गाडी घेण्याआधी कर सल्लागार नेमावा, तोही एजंटच्या कार्यालयाबाहेरचा.

दुखापतीबद्दल एकच गोष्ट, पण ती सोडू नका. वरच्या संघात असताना जखमी झालेल्या खेळाडूला बरा होईपर्यंत खाली पाठवता येत नाही. त्याला वरचाच पगार चालू राहतो. तरुण खेळाडू जागा जाईल या भीतीनं मांडीचा किंवा मनगटाचा त्रास लपवतात, त्याच अवस्थेत वाईट खेळतात, तंदुरुस्त म्हणून खाली जातात आणि तिथे कमी पगारावर शस्त्रक्रिया करून घेतात. जे दुखतंय ते त्याच दिवशी क्लबच्या डॉक्टरकडे नोंदवायचं, लेखी. डोक्याला मार बसला असेल तर यात विचार करण्यासारखंही काही नाही. मानेचं संरक्षण सक्तीचं नसेल तिथेही घालावं. ऑक्टोबर २०२३मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला एका सामन्यात ॲडम जॉन्सन हा खेळाडू स्केटच्या पात्यानं मान कापली जाऊन गेला. एनएचएलमध्ये २०२६-२७पासून नव्यानं येणाऱ्यांना ते घालावंच लागेल.

बायकांच्या व्यावसायिक हॉकीत यातलं बरंच वेगळं आहे. पीडब्ल्यूएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बायकांच्या लीगचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ला झाला. करारानुसार किमान पगार ३५ हजार डॉलरपासून सुरू झाला आणि प्रत्येक क्लबनं किमान सहा जणींना ८० हजार किंवा जास्त द्यायचे असं ठरलं. तिथे खाली पाठवण्यासारखी लीगच नाही, त्यामुळे राखीव जागेवर थांबायचं की युरोपात खेळायचं, हा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

राहिला शेवटचा प्रश्न, कधी कळतं. वयाची पंचविशी हा व्यवहारातला टप्पा आहे. २५ वर्षांचा, तीन किंवा जास्त व्यावसायिक हंगाम झालेला आणि एनएचएलचे ८०पेक्षा कमी सामने खेळलेला स्केटर करार संपताच मुक्त होतो. क्लबला तो हवा असता तर त्याआधीच नवा करार पुढे केला असता. त्या वसंतात तीन गोष्टी तपासा. गेल्या हंगामात जागा रिकामी झाली तेव्हा तुमच्या आधी किती जणांना बोलावलं? वर गेल्यावर पेनल्टी किलमध्ये, म्हणजे आपला एक जण पेनल्टीमुळे बाहेर असताना, उतरवलं का? आणि दुसरा कुठला क्लब असा करार देतोय का, ज्यात खालच्या पगाराची हमी घसघशीत आहे? कारण ती हमी म्हणजे क्लब तुम्हाला कितवा धरतो याचा आकडाच.

तिन्ही उत्तरं वाईट असतील तर युरोप, आणि तो जूनमध्येच. स्विस लीगमध्ये एका सामन्यात सहाच परदेशी उतरू शकतात. चांगल्या जागा लवकर भरतात आणि ऑगस्टमध्ये उरतात त्या एखाद्याची दुखापत भरून काढणाऱ्या, दोन-दोन महिन्यांच्या. करारात घर आणि गाडी बहुधा क्लबची असते, आकडा करापूर्वीचा की करानंतरचा ते स्पष्ट लिहून घ्यावं, आणि एनएचएलकडून बोलावणं आलं तर कोणत्या तारखेपर्यंत सुटता येईल ते कलम मागावं. सव्विसाव्या वर्षी तिथे दोन हंगाम २० मिनिटं खेळून परत वर आलेले खेळाडू आहेत. तीच दोन वर्षं खालच्या लीगच्या तिसऱ्या ओळीत काढून वर गेलेले फारच थोडे.